सिंगापूर ते क्वालालंपूर: तिकिटावर तासभर, घड्याळात पावणेसहा तास

सिंगापूर–मलेशियाची सहल ठरवताना घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अरे, तासाभराचं तर विमान आहे!" आमच्याकडेही ते म्हटलं गेलं, आणि म्हणणारा मीच होतो. त्या भरवशावर आई-बाबांना सांगून टाकलं की सकाळी आरामात नाश्ता करू, दुपारच्या जेवणाला क्वालालंपुरात असू. जेवलो तेव्हा चार वाजून गेले होते. विमान वेळेवर सुटलं आणि वेळेवर पोचलं. चुकला होता तो माझा हिशोब.

तो हिशोब नीट कसा मांडायचा, ते इथे सांगतो. उदाहरण सिंगापूर–क्वालालंपूरचं घेतलंय, कारण आपल्याकडची बरीच मंडळी ही दोन शहरं एकाच सहलीत करतात. शिवाय हा काही आडवळणाचा मार्ग नाही. विमानांच्या वेळापत्रकांची आकडेवारी ठेवणाऱ्या ओएजी या संस्थेच्या यादीत २०२३ साली हा जगातला सर्वांत गजबजलेला आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग होता, वर्षाला सुमारे ४९ लाख आसनांचा. पद्धत मात्र बँकॉक–हनोईपासून जकार्ता–मनिलापर्यंत कुठेही चालेल.

पहिलं काम: अंतर कुठून कुठे मोजायचं ते ठरवा

इंटरनेटवर दोन शहरांतलं अंतर विचारलं की तीन-चार वेगवेगळे आकडे येतात आणि माणूस गोंधळतो. गंमत म्हणजे सगळेच आकडे बरोबर असतात, प्रत्येकजण वेगळं काहीतरी मोजत असतो इतकंच. दोन्ही शहरांच्या मध्यभागांतलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ३१६ किमी आहे. चांगी विमानतळ ते क्वालालंपूरचा मुख्य विमानतळ, म्हणजे केएलआयए, हे अंतर सुमारे २९७ किमी. रस्त्याने जाल तर साधारण ३५० किमी. विमानतळांमधलं अंतर शहरांमधल्या अंतरापेक्षा कमी भरतं, कारण केएलआयए मुळात क्वालालंपुरात नाहीच. तो आहे दक्षिणेला सेपांगमध्ये, म्हणजे सिंगापूरच्या बाजूला. १९९८ मध्ये तो सुरू झाला तेव्हापासून शहरात यायला ५५-६० किमीचा प्रवास आलाच. विमानाने वाचवलेले वीस किलोमीटर तुम्ही जमिनीवर तिपटीने फेडता.

आपल्या डोळ्यांसमोर चित्र यावं म्हणून सांगतो: मुंबई ते कोल्हापूर हे सरळ रेषेतलं अंतरही ३०० किमीच्या आसपासच आहे.

हा आकडा घरबसल्या काढता येतो, आणि शाळेतल्या पायथागोरसला चाळीस वर्षांनी काम मिळतं. चांगीचे अक्षांश-रेखांश १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. केएलआयएचे २.७४ उत्तर, १०१.७० पूर्व. अक्षांशांतला फरक १.३८ अंश, रेखांशांतला २.२९ अंश. विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे ढोबळमानाने १११ किमी, उभा असो की आडवा. म्हणजे एक बाजू १५३ किमी, दुसरी २५४ किमी. दोघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: २९७.

एक सावधगिरी. हे गणित इतकं सोपं सुटतं ते ही शहरं विषुववृत्ताला चिकटून आहेत म्हणून. उत्तरेला सरकलं की रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येतात. आपल्या महाराष्ट्रात रेखांशाचा एक अंश जेमतेम १०५ किमी भरतो, आणि हनोईलाही तेवढाच. तिथे आडव्या बाजूला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायला हवं. दोन-तीन हजार किलोमीटरपुढे तर पृथ्वीचा गोलावाही धरावा लागतो, तेव्हा तिथे सरळ एखाद्या संकेतस्थळाला विचारा. विमानवाले सागरी मैलांत बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, तेव्हा २९७ किमी म्हणजे १६० सागरी मैल.

दुसरं काम: अंतरावरून वेळ

इथे बहुतेकजण घसरतात. जेट विमान ताशी ८३० किमीने उडतं, अंतर २९७, म्हणजे बावीस मिनिटं, बरोबर? चूक. ताशी ८३० हा वेग बऱ्याच उंचीवर, स्थिर उड्डाणात मिळतो. या मार्गावर विमान वर चढतं, जरासं सरळ होतं आणि लगेच उतरायला लागतं. विमानसेविका पाण्याचा ट्रॉली घेऊन निघते तेव्हाच तिच्या चेहऱ्यावर घाई दिसते. हवेत राहण्याचा काळ साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा.

तिकिटावर छापतात तो काळ मात्र हवेतला नसतोच. तो असतो गेट ते गेट. विमान गेटवरून मागे ढकललं गेलं की घड्याळ सुरू, पलीकडच्या गेटला लागलं की बंद. मध्ये धावपट्टीपर्यंतचं रांगणं, पुढे उभ्या असलेल्या विमानांची रांग, उतरताना हवेत घातलेल्या घिरट्या, उतरल्यावर पुन्हा रांगणं, हे सगळं आलं. चांगी आणि केएलआयए दोन्ही अवाढव्य, त्यामुळे जमिनीवरचं हे फिरणंच वीस-पंचवीस मिनिटं खाऊ शकतं. म्हणून वेळापत्रकात तुम्हाला एक तास पाच मिनिटांपासून एक तास वीस मिनिटांपर्यंत आकडे दिसतील. वीस मिनिटं आधी पोचल्याची घोषणा वैमानिक ऐटीत करतो ना, त्यामागे बऱ्याचदा वेळापत्रकात आधीच घालून ठेवलेली ढील असते.

माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८०० ने भागा, जो काळ येईल त्यात ४० ते ४५ मिनिटं मिळवा. सिंगापूर–क्वालालंपूर: २२ अधिक ४५, म्हणजे तास आणि सात मिनिटं. बँकॉक–सिंगापूर सुमारे १,४१० किमी: पावणेदोन तास अधिक ४०, म्हणजे दोन तास पंचवीसच्या आसपास. मुंबई–सिंगापूर सुमारे ३,९२० किमी: साडेपाच तास. वेळापत्रक उघडून ताडून बघा, दहा-पंधरा मिनिटांच्या आतबाहेर जमतं. ही मिळवलेली चाळीस मिनिटं अंतर कितीही असलं तरी भरावी लागतात, आणि म्हणूनच छोट्या उड्डाणात विमान इतकं महाग पडतं, वेळेलाही. २९७ किमीला ७० मिनिटं म्हणजे सरासरी ताशी २५५ किमी.

हा ठोकताळा जेटसाठी आहे. पंख्याचं एटीआर विमान असेल तर ८०० च्या जागी ४५०-५०० धरा. वाऱ्याचा विचार या पट्ट्यात फारसा करावा लागत नाही. दिल्ली–लंडनसारख्या मार्गावर जातानाच्या आणि येतानाच्या वेळेत चांगला तासाभराचा फरक पडतो, तसं विषुववृत्ताजवळ होत नाही. इथला त्रास वेगळा आहे, तो वादळांचा. सुमात्राकडून मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून येणारी वादळी सरींची रांग एप्रिल ते नोव्हेंबरच्या काळात पहाटे किंवा सकाळी येऊन थडकते. तिला तिथले लोक 'सुमात्रा' असंच म्हणतात. दुपारी जमिनीच्या तापण्याने होणाऱ्या गडगडाटी पावसाचं वेगळंच. विजा कडाडत असतील तर विमानाजवळ काम करणाऱ्या माणसांना आत बोलावतात, आणि मग सामान चढणं-उतरणं सगळं थांबतं. अशा वेळी तासभराचं उड्डाण दोन तासांचं होणं यात कुणाचाच दोष नसतो.

तिसरं काम: घड्याळं जुळवा

सिंगापूर आणि क्वालालंपूर यांची वेळ एकच आहे, भारतापेक्षा अडीच तास पुढे. त्यामुळे या मार्गावर सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा केली की काम झालं.

ही वेळ सूर्याला धरून नाही, हे मात्र तिथे गेल्यावर लगेच जाणवतं. सकाळचे सात वाजले तरी उजाडतंय-उजाडतंय असं असतं आणि सूर्य डोक्यावर यायला दुपारचा एक वाजून जातो. रेखांश बघितले तर ही शहरं बँकॉकच्या शेजारची, घड्याळ मात्र मनिलाचं. मलेशियाच्या द्वीपकल्पाने आपलं घड्याळ अर्धा तास पुढे केलं १ जानेवारी १९८२ पासून, बोर्निओ बेटावरच्या आपल्याच सबाह आणि सारवाक राज्यांच्या वेळेशी जुळावं म्हणून. व्यापार आणि ये-जा इतकी गुंतलेली की सिंगापूरनेही त्याच दिवशी तेच केलं. सहलीवर याचा उपयोग एवढाच: 'सकाळी सहाची टॅक्सी' म्हणजे तिथे मिट्ट काळोख असतो.

बँकॉक मध्ये आलं की मात्र सांभाळा. बँकॉकहून १० वाजता निघणारं विमान सिंगापूरला दुपारी १.२५ ला पोचतं असं दिसलं तर प्रवास तीन तास पंचवीस मिनिटांचा नाही, दोन तास पंचवीसचा आहे. येताना उलट: १० ला निघून ११.२५ ला पोचल्यासारखं दिसेल, आणि कुणीतरी म्हणेल, "येताना किती पटकन आलो!"

सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे दोन्ही वेळा भारताच्या वेळेत आणायच्या आणि मग वजाबाकी करायची. यांगून आपल्यापेक्षा एक तास पुढे. बँकॉक, हनोई, हो ची मिन्ह सिटी, नॉम पेन्ह, जकार्ता दीड तास पुढे. सिंगापूर, क्वालालंपूर, मनिला आणि बाली अडीच तास पुढे. हो, जकार्ता आणि बाली एकाच देशात असूनही वेगळ्या वेळेत. इंडोनेशियात तीन कालविभाग आहेत. उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड या भागात नाही, ही त्यातल्या त्यात कृपा.

चौथं काम, आणि खरं काम: दारापासून दारापर्यंत

समजा तुम्ही सिंगापुरात लिटल इंडियात उतरला आहात, जिथे आपल्याकडची निम्मी मंडळी उतरतात, आणि क्वालालंपुरात ब्रिकफील्ड्सला जायचंय. तीही तिथली लिटल इंडियाच, केएल सेंट्रल स्टेशनच्या अगदी शेजारी. आता कागद-पेन घ्या.

लिटल इंडियाहून मेट्रोच्या डाउनटाउन लाइनने एक्स्पोपर्यंत जायचं, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन चांगी विमानतळ. चालणं धरून ५० मिनिटं. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचायचं, म्हणजे १२० मिनिटं. विमान ७०. पलीकडे इमिग्रेशन आणि सामानाचा पट्टा मिळून ४५. स्टेशनपर्यंत चालणं आणि गाडीची वाट बघणं २०. केएलआयए एक्सप्रेस टर्मिनल १ हून केएल सेंट्रलला २८ मिनिटांत नेते. तिथून खोलीपर्यंत १०. बेरीज ३४३ मिनिटं, म्हणजे पावणेसहा तासांना दोन मिनिटं कमी. मध्यभाग ते मध्यभाग ३१६ किमी धरले तर सरासरी वेग ताशी ५५ किमी. आपली शिवनेरी द्रुतगती मार्गावर याहून जोरात जाते.

या बेरजेत तुमच्या हातात काय आहे ते बघा. विमानाच्या ७० मिनिटांतून तुम्ही एक मिनिटही कमी करू शकत नाही. पण फक्त हातातलं सामान घेऊन गेलात, चेक-इन घरूनच केलंत, तर दीड तास आधी पोचणं पुरतं आणि सामानाच्या पट्ट्याशी थांबावं लागत नाही. पन्नास मिनिटं वाचतात, प्रवास पाच तासांच्या आत येतो. मोठी बॅग असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात हे ध्यानात ठेवा. "सामान कमी घ्या" हा सल्ला आमच्या आईला पटवणं वेगळी गोष्ट. चिवड्याचा डबा, थेपले आणि प्रेशर कुकरवर तिच्याशी वाद घालू नये.

दुसरा हातातला मोहरा म्हणजे विमानतळ. क्वालालंपूरला जुना सुबांग विमानतळही आहे, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. केएलआयए येण्याआधी तोच मुख्य होता, आणि २०२४ पासून तिथे पुन्हा जेट विमानं उतरू लागली आहेत. चांगी ते सुबांग हवाई अंतर सुमारे ३३५ किमी, म्हणजे केएलआयएपेक्षा जवळजवळ चाळीस किलोमीटर जास्त. तरीही छोटा विमानतळ, छोट्या रांगा आणि शहर जवळ, त्यामुळे एकूण प्रवास लवकर आटोपू शकतो, विशेषतः पेटालिंग जाया किंवा शाह आलम या पश्चिमेकडच्या शेजारच्या शहरांकडे जायचं असेल तर. उड्डाणं मोजकी असतात; तुमच्या तारखेला आहे का ते बघा. तिकीट शोधताना केयूएल हा संकेत केएलआयएचा आणि एसझेडबी सुबांगचा.

केएलआयएची दोन टर्मिनल आहेत आणि ती एकमेकांशेजारी नाहीत. स्वस्त विमानांचा मोठा कारभार टर्मिनल २ मधून चालतो. परतीच्या वेळी मी आत्मविश्वासाने टर्मिनल १ ला उतरलो आणि फलकावर आमचं उड्डाणच दिसेना. दोन टर्मिनलांमधला रेल्वेप्रवास तीनच मिनिटांचा, पण गाडीची वाट, सामान आणि बाबांचे गुडघे धरून अर्धा तास गेला. तिकिटावर टर्मिनलचा आकडा असतो. तो वाचा. मग पुन्हा वाचा.

बस किंवा रेल्वे?

विमानाला पावणेसहा तास लागतात म्हटल्यावर हा प्रश्न येणारच, आणि तो मूर्खपणाचा नाही. सिंगापूरहून थेट बस पाच-सहा तासांत जाते. थांब्यापर्यंत जाणं, थोडं आधी पोचणं आणि शेवटी बस टर्मिनलहून मुक्कामापर्यंत, हे धरून सात ते साडेसात तास. आसनं ऐसपैस, भाडं कमी. पण सीमेवर दोनदा उतरावं लागतं, एकदा सिंगापूरच्या चौकीत आणि एकदा मलेशियाच्या, दुसऱ्या वेळी सगळं सामान घेऊन. सिंगापूर आणि मलेशियाला जोडणारा वुडलँड्सचा बांध १९२४ चा, जेमतेम एक किलोमीटरचा, आणि त्यावरून रोज कामाला ये-जा करणाऱ्यांची जी रीघ लागते ती बघण्यासारखी असते, अडकण्यासारखी नसते. पश्चिमेकडचा तुआसचा दुसरा पूल १९९८ चा, तो तुलनेने मोकळा. शुक्रवारी संध्याकाळी, सिंगापूरच्या शाळांच्या सुट्टीत आणि चिनी नववर्षाच्या आसपास बसचा विचारही करू नका. मंगळवार-बुधवारी सकाळची बस मात्र विमानाला चांगली टक्कर देते, आणि चौघांच्या कुटुंबाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

रेल्वे हा रसिकांचा मार्ग. सिंगापूरच्या तांजोंग पागार स्टेशनातून थेट क्वालालंपूरला गाडी जायची ते दिवस २०११ मध्ये संपले. आता वुडलँड्सहून पाच मिनिटांची शटल गाडी घेऊन सीमेपलीकडच्या जोहोर बाहरूला उतरायचं, तिथून मलेशियाच्या विजेवरच्या ईटीएस गाडीने सुमारे साडेचार तास. शटलची तिकिटं लवकर संपतात. दोन गाड्यांत किमान दीड तास ठेवा, आणि सगळं मिळून आठ तास धरा. दोन्ही शहरांमध्ये नव्वद मिनिटांत नेणारी द्रुतगती रेल्वे बांधायचा करार २०१६ मध्ये झाला होता. ३१ डिसेंबर २०२० ला तो संपुष्टात आला. ती झाली असती तर या लेखाची गरज उरली नसती.

कागदपत्रं

वेळेचा सगळा हिशोब एका कागदाने उधळतो. सिंगापूरसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागतो, आणि सिंगापूरहून मलेशियाला जाऊन पुन्हा सिंगापूरला परतणार असाल तर तो अनेक प्रवेशांचा आहे ना, हे बघा. मलेशियाने भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिलाय, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे; त्यानंतर जाणार असाल तर आधी चौकशी करा. दोन्ही देशांची आगमनाची माहिती ऑनलाइन भरावी लागते, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात. परत सिंगापूरला येताना ती माहिती पुन्हा नव्याने भरायची असते. हे विसरणारे इमिग्रेशनच्या रांगेतच अंगठ्याने फोन बडवताना दिसतात.

अजून एक. मुंबईहून क्वालालंपूरमार्गे सिंगापूर असं दोन वेगवेगळ्या तिकिटांवर स्वस्तात जमतं, बरेचजण करतात. मग क्वालालंपूरला सामान घेऊन बाहेर यावं लागतं, कदाचित टर्मिनलही बदलावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या विमानाला त्याचं सोयरसुतक नसतं. अशा वेळी मध्ये किमान चार तास ठेवा, आणि दिवसातलं शेवटचं विमान पकडायच्या भानगडीत पडू नका.

जाता-जाता: सिंगापूरहून निघताना डावीकडची खिडकी मागा. मलाक्काच्या सामुद्रधुनीत जहाजांची रांग दिसते, आणि आकाश स्वच्छ असेल तर उतरायला लागण्याआधी किनाऱ्यावर मलाक्का शहरही. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी हे बंदर घेतलं होतं. शहर ओळखेपर्यंत खाली तेलमाडांच्या ओळी सुरू होतात आणि पट्टा बांधायची सूचना येते.